कापून नेलेले कातळचित्र

चौतीस वर्षांच्या नोकरीतील बरीच प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र मिसळत नाही. यातल्या कोणाचेही नाव मी लिहिणार नाही, गावाचेही नाही. त्यातली माणसे आणि त्यांची मुलेबाळे आजही त्याच वाड्यांमध्ये राहतात. पाली आणि लांजा यांच्या मधल्या पट्ट्यात, सड्याच्या पायथ्याशी वसलेले ते एक गाव होते, एवढे पुरे. डोंगराच्या माथ्यावरच्या सपाट, उघड्या कातळाला आमच्याकडे सडा म्हणतात. पावसाळ्यात त्यावर गुरांना पुरेल इतके गवत येते आणि दिवाळीनंतर तो पुन्हा तांबडा-काळा, भाजलेला दिसू लागतो.

मी तेव्हा त्या भागातल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. सकाळी ठाणे अंमलदाराने मला सांगितले की एका निवृत्त प्राथमिक शिक्षकाची बेपत्ता म्हणून नोंद आदल्या संध्याकाळी झाली आहे. दुपारी जेवून सड्यावर गेले ते परत आले नाहीत. नोंद वाचून होईपर्यंत गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला. सड्यावरच्या बंद पडलेल्या चिरेखाणीच्या पाण्यात प्रेत तरंगत होते.

आम्ही पोचलो तेव्हा गावातली वीसेक माणसे खाणीच्या काठावर उभी होती. जांभ्या दगडाचे चिरे, म्हणजे बांधकामाचे ठोकळे, कापून काढले की खाली चौकोनी खड्डा राहतो, त्याच्या कडा भिंतीसारख्या सरळ असतात. पावसाचे पाणी त्यात साचून हिरवे झाले होते. प्रेत वर काढायला गावातलेच चौघे उतरले. त्यात सगळ्यात पुढे होता तो खाणीला लागून असलेल्या जागेचा मालक, पन्नाशीचा, अंगाने दणकट. गुरुजींना काठावर ठेवल्यावर तो त्यांच्या पायांशी बसून ओक्साबोक्शी रडला. गुरुजींनी त्याला पहिलीपासून चौथीपर्यंत शिकवले होते, असे कोणीतरी माझ्या कानाशी सांगितले.

मरणोत्तर पंचनामा झाला. उजव्या कानामागे जखम होती. डॉक्टरांनी शवविच्छेदनानंतर सांगितले, "मृत्यू बुडूनच आहे. डोक्याला मार लागलाय, पण तो पडताना कातळावर आपटूनही लागू शकतो. पडल्यावर काही काळ ते जिवंत होते, एवढं नक्की." मी अकस्मात मृत्यूची नोंद केली. गुरुजींचे वय सत्तरच्या घरात, नजर कमी, कडा निसरड्या. मला शंका घेण्यासारखे काही दिसले नाही. खरे सांगायचे तर मी शोधलेही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक बाई ठाण्याच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. आत येत नव्हती, जातही नव्हती. गावाकडची माणसे ठाण्यात सहसा कोणा पुढाऱ्याला घेऊन येतात. एकटा माणूस फाटकाशी घुटमळतो तेव्हा त्याच्याजवळ खरी माहिती असते, असा माझा अनुभव आहे. मी महिला शिपायाला पाठवून तिला आत आणवले. सड्यावर गवत कापणारी ती बाई होती. प्रेत पहिल्यांदा तिनेच पाहिले होते.

"सायब, गुरुजींच्या चपला कुटं हायत?" तिने विचारले.

मी म्हटले, पाण्यात पडल्या असतील.

"नाय. पायात घालून वर गेलं व्हतं, मी बगितलंय. पन चित्राशी गेलं की काडून ठेवायचं. देवळात काडतो तशा. चित्रावर चपला घालून कदी पाय ठेवला नाय त्यांनी. आन सायब..." ती जरा थांबली. "तिथं आता चित्र पन नाय."

कसले चित्र, हे मला कळेना. ती म्हणाली, "पांडवांची चित्रा. कातळावर कोरलेली. गुरुजी तीच वहीत काडायचं."

मी लगेच जीप काढायला सांगितली आणि तिला बरोबर घेतले. खाणीला लागूनच, हिरव्या पाण्यापासून सातआठ हातांवर, नव्याने कापलेला एक उथळ चौकोन होता. कडा ताज्या, लालभडक. भोवती दगडाची भुकटी पडली होती. नवी कापणी आणि जुनी खाण यांच्यामध्ये कातळाची एक अरुंद पट्टी उरली होती. त्या पट्टीवर बोटभर खोल कोरलेल्या रेषा दिसल्या. ती बाई त्यांच्या कडेला, रेषांवर पाय न टेकवता उभी राहिली आणि हाताने दाखवू लागली. दोन मासे. त्यातला एक पाकट, पतंगासारखा चपटा, लांब शेपटीसकट. दुसऱ्याचे डोके कापून गेले होते.

आयुष्य या जिल्ह्यात काढूनही अशी कोरीव चित्रे मी प्रथमच इतक्या जवळून पाहत होतो. घाटावरचे लोक चिरा म्हणजे काय विचारतात तेव्हा आपण हसतो. आपल्याच कातळावर हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी बसून मासा कोरला होता, याचा मला पत्ता नव्हता.

तिथून मी गुरुजींच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीचा जबाब पुन्हा सविस्तर घ्यायचा होता. घरापुढे साधे, शेणाने सारवलेले खळे, ओटीवर वह्यांचा गठ्ठा. गुरुजी निवृत्तीनंतर बारा वर्षे सडे पालथे घालत होते. चौकटीच्या गणिताच्या वहीत त्यांनी प्रत्येक चित्र मापासकट उतरवले होते. एक अख्खी वही या सड्याची होती. मधोमध पाय फाकून उभा असलेला माणूस, त्याच्या डाव्या अंगाला दोन मासे, उजव्या अंगाला नक्षीचा चौकोन, आणि खाली एका ओळीत सात लहान खळगे, मग आडवी रेघ, मग पाच खळगे. ही ओळ त्यांनी निरनिराळ्या दिवशी अकरा वेळा काढली होती. त्याखाली लिहिले होते : "ही नक्षी नव्हे. कोणीतरी कोणालातरी काही कळवीत आहे. अक्षर यायच्या आधीचे हे लिहिणे असावे काय?"

गुरुजींच्या पत्नी सांगत होत्या आणि माझा लेखनिक लिहीत होता. "ते म्हणायचे, वाचता येत नाही म्हणून पुसायचं असतं का? उद्या कोणीतरी वाचील. त्या जागेत नवी खाण सुरू होतेय म्हटल्यावर त्यांची झोप उडाली होती. तहसिलात गेले. तिथून काही झालं नाही. मग तुमच्याकडेच आले होते हो साहेब."

"माझ्याकडे?"

"महिन्याभरापूर्वी. अर्ज घेऊन. तुम्ही म्हणालात, हे पोलिसांचं काम नाही."

लेखनिकाची लेखणी थांबली. त्याने माझ्याकडे पाहिले. "साहेब, हे घेऊ जबाबात?"

"बाई बोलतायत ते सगळं लिही," मी म्हणालो.

ठाण्यावर परतल्यावर आवक नोंदवही काढली. अर्ज होता. माझ्याच हातचा शेरा होता : महसूल विभागाशी संबंधित, अर्जदारास समज दिली. अर्जात गुरुजींनी स्पष्ट लिहिले होते की जागामालकाने चित्र कापून टाकण्याची धमकी दिली असून आपण अडवायला गेल्यास वाद होण्याचा संभव आहे. मी तो अर्ज पूर्ण वाचलाच नव्हता. पहिल्या पानावर कातळ, चित्र, पुरातन वगैरे शब्द पाहिले आणि शेरा मारला. धमकीची ओळ मागच्या पानावर होती.

ती संध्याकाळ कशी गेली ते सांगत बसत नाही. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांना अर्जासह सगळे कळवले आणि तपास आपल्याकडेच ठेवण्याची विनंती केली. ती मान्य झाली.

जागामालकाला, म्हणजे गुरुजींच्या पायांशी बसून रडलेल्या त्याच माणसाला, मी आधी साक्षीदार म्हणूनच बोलावले. तो वेळेवर आला. स्वच्छ शर्ट, कपाळाला गंध. "मी त्या दिवशी लांज्याला बहिणीकडं होतो साहेब. सकाळच्या एस्टीनं गेलो, सांजचा आलो." कापणी कधी झाली, विचारल्यावर म्हणाला, दिवाळीच्या आधीच झाली. गुरुजींना सगळे माहीत होते, त्यांची काही हरकत नव्हती. एवढे बोलताना त्याचा आवाज कुठेही अडखळला नाही.

खोटे बोलणारा माणूस घाबरतो, असे लोकांना वाटते. तसे नसते. ज्याने आपली गोष्ट मनात दहा वेळा म्हणून पाहिलेली असते, तो छान बोलतो. अशा माणसाशी वाद घालू नये. त्याची गोष्ट त्याच्याकडून नीट लिहून घ्यावी आणि मग एकेक वाक्य तपासायला बाहेर पडावे.

चिरे कापणारा यंत्रचालक घटनेच्या दिवशीच सुटी घेऊन विजापूरकडे त्याच्या गावी गेला होता. हवालदाराने त्याला तिथे गाठले. त्याचा जबाब सरळ होता. घटनेच्या दिवशी सकाळी मालकाने स्वतः उभे राहून खडूने जागा आखून दिली. आधी हाच तुकडा काप म्हणाला. चालकाने कातळावरचा माणूस पाहिला आणि विचारले की हा देव तर नाही ना. मालक म्हणाला, देव नाही, काही नाही, काप. दुपारच्या आत चिरे ट्रकमध्ये भरले. तो निघाला तेव्हा मालक एकटाच सड्यावर होता. बहीण लांज्याला होती खरी, पण भाऊ त्या दिवशी आला नव्हता, असे तिने रडत रडत सांगितले.

ट्रकचालकाने चिरे पालीजवळ एका घराच्या बांधकामावर टाकले होते. आम्ही गेलो तेव्हा कुंपणाची भिंत कमरेइतकी आली होती. गवंडी गिलावा करायच्या तयारीत होता. मी वही उघडून भिंतीच्या कडेने चालत गेलो. चौथ्या थरात एका चिऱ्यावर तीन खळगे दिसले. त्याच्या वरच्या थरात, उलटा बसवलेला, पायाच्या बोटांचा तुकडा.

घरमालक भला माणूस होता. काय आहे ते कळल्यावर त्याने स्वतःच भिंत उतरवायला सांगितले. रेषा असलेले एकूण चौदा चिरे निघाले. पंचांसमक्ष जप्त करून आम्ही ते ठाण्याच्या आवारात आणले आणि वहीतल्या चित्राप्रमाणे जमिनीवर मांडू लागलो. मी, दोन शिपाई आणि लेखनिक. दोन तास लागले. तीन खळग्यांचा चिरा, त्याला लागून चारांचा. सात झाले. मग आडव्या रेघेचा तुकडा. पाचांच्या ओळीतला शेवटचा खळगा यंत्राच्या पात्याने अर्धा कापला होता. माणसाची छाती आणि डोके मिळाले नाही. ते चिरे फोडून भिंतीच्या पायाभरणीत टाकले गेले होते. आवारात दाखले न्यायला आलेली माणसे भोवती जमली. आदल्या वर्षी रेल्वे रुळावर तुकडे झालेल्या एका माणसाला आम्ही असेच जोडून ठेवले होते, त्याची मला आठवण झाली.

एका महाविद्यालयातील पुरातत्त्वाचे प्राध्यापक तज्ज्ञ म्हणून आले. त्यांना मी विचारले, "हे खरंच लिहिणं आहे का?"

ते बराच वेळ वाकून पाहत होते. "लिपी म्हणता येणार नाही. तेवढा पुरावा नाही. काळसुद्धा नक्की सांगता येत नाही. पण साहेब, जगात कुठेही माणूस एकदम अक्षर लिहायला लागला नाही. आधी त्याने खुणा केल्या, मोजणी केली, मग कधीतरी अक्षर आलं. हे त्या वाटेवरचं असेल. आता जागेवर असतं तर दिशा, सावली, इतर चित्रांशी संबंध, काही बघता आलं असतं." ते उभे राहिले आणि हात झटकत म्हणाले, "आता हे दगड आहेत."

जागामालकाला अटक केली. पहिले दोन दिवस तो एकच सांगत राहिला की यंत्रचालक खोटे बोलतो. मी आरडाओरडा केला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्यासमोर गुरुजींची वही ठेवली. त्या सड्याच्या पहिल्या पानावर, वरच्या ओळीत, गुरुजींनी सुवाच्य अक्षरात लिहिले होते : "हे चित्र मला प्रथम दाखविणारा," आणि पुढे त्याचे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

"वाच," मी म्हणालो.

त्याने वाचले. मग बोट ठेवून, शाळेतल्यासारखे, पुन्हा वाचले. बारा वर्षांपूर्वी त्यानेच गुरुजींना तिथे नेले होते. दोघांनी मिळून केरसुणीने माती झाडून तो माणूस मोकळा केला होता. वहीतल्या त्या ओळीपलीकडचे हे मला त्याच्याकडूनच कळले. गावात कोणालाच माहीत नव्हते.

"माझं नाव घातलंय त्यांनी," तो म्हणाला. नंतर तो बोलत गेला.

"जागा सरकारजमा होईल असं सगळे म्हनत व्हते. चित्रच नसलं तर कोन काय करनार, म्हनून कापलं. म्हटलं, चार दिवस रागावतील, मग गप बसतील. दुपारी ते आले. मला एक शब्द बोलले नायत. चपला काडल्या आन उरलेल्या माश्यांवर जाऊन बसले. म्हनाले, एवढं ठेव. एवढं राहू दे, मी कोनाला काय सांगत नाय. मी म्हटलं, उद्या हे पन जायचंय, उठा. उठनात. दंड धरून ओढलं तर परत बसले. माझ्या हातात पहार व्हती. तिनं ढोसलं."

"मागे खाण आहे हे माहीत होतं?"

त्याने वहीवरचे बोट काढून घेतले.

"पाण्यात पडल्यावर?"

"नावानं हाक मारली मला."

"किती वेळा?"

"दोनदा."

"मग तू काय केलंस?"

"मग मी चपला उचलल्या."

खोलीत तो, मी आणि लेखनिक असे तिघेच होतो. बाहेर बिनतारी यंत्रणेवर कोणीतरी गाडीचा नंबर सांगत होते. मी अनेक खुनी पाहिले, पण त्या उत्तराइतके थंड काही ऐकले नाही. आणि ते सांगणारा माणूस थंड नव्हता. त्याच्या हनुवटीवरून घाम ठिबकत होता.

पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. चालते ती त्या सांगण्यावरून निघालेली वस्तू. दोन पंच बोलावून निवेदन पंचनामा केला. चपला कुठे आहेत ते तो दाखवायला तयार झाला. सड्याच्या उतारावर करवंदीच्या एका जाळीत त्याने हात घातला आणि एकेक करून दोन्ही बाहेर काढल्या. डाव्या चपलेचा अंगठा निळ्या दोऱ्याने शिवलेला होता. गुरुजींच्या पत्नीने तो ओळखला. तो त्यांनीच शिवला होता.

खटला चालला. बचाव पक्षाच्या वकिलांनी मला पिंजऱ्यात जे विचारायचे ते विचारले.

"मयत इसमाने धमकीबाबत आपल्याकडे लेखी अर्ज दिला होता?"

"होय."

"त्यावर आपण काय कारवाई केली?"

"काही नाही."

"काही नाही?"

"अर्ज मी पूर्ण वाचला नव्हता."

न्यायालयात कुजबुज झाली. गुरुजींच्या पत्नी मागच्या बाकावर बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिले नाही.

अचानक झालेल्या भांडणात कृत्य घडले, ठार मारण्याचा पूर्वहेतू शाबीत नाही, असे धरून न्यायालयाने खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाखाली शिक्षा दिली. सक्तमजुरी झाली. चित्र कापल्याबद्दल मात्र कोणालाच शिक्षा झाली नाही. ते कोणत्याही संरक्षित यादीत नव्हते आणि जागा आरोपीच्या मालकीची होती. मी आणि सरकारी वकिलांनी कलमे पुष्कळ चाळली. बसेल असे एकही मिळाले नाही.

निकालाच्या दिवशी त्याला गाडीकडे नेत असताना तो माझ्यापाशी थांबला. बेड्या होत्या, बरोबर दोन शिपाई होते.

"साहेब, ते मासे हायत ना?"

"आहेत," मी म्हणालो. "गवत वाढलंय."

त्याने मान हलवली आणि तो गाडीत चढला. तुरुंगातून तो जिवंत परत आला नाही. तिसऱ्या वर्षी आजाराने गेला. त्याच्या घरच्यांनी ती जागा नंतर कोणालाच दिली नाही, स्वतःही तिकडे जात नाहीत.

माणसे वाईट असतात म्हणून गुन्हे होतात, असे मी नोकरीच्या सुरुवातीला मानत होतो. या माणसाला ते चित्र आवडत होते, गुरुजीही आवडत होते. जमीन जाईल या भीतीपुढे दोन्ही टिकले नाहीत, आणि एकदा एक गोष्ट कापून टाकल्यावर दुसरीच्या वेळी हात थांबला नाही. हे समजून घेतले म्हणून त्याचा गुन्हा हलका होत नाही. पण हे समजले नसते तर मी त्याच्यासमोर ती वही ठेवली नसती.

दुसरी गोष्ट माझ्यापुरती आहे. निवृत्त होईपर्यंत पुढची चार वर्षे, ज्या ज्या ठाण्यावर गेलो तिथे, आलेला प्रत्येक अर्ज मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. कंटाळवाणा असला तरी, अक्षर लागत नसले तरी. हाताखालच्या तरुण अधिकाऱ्यांना वाटायचे, साहेब फार काटेकोर आहेत. तसे नव्हते. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाने काय कळवले ते गुरुजींना वाचता येत नव्हते, तरी ते बारा वर्षे त्यापुढे बसून राहिले. माझ्यासमोर मात्र शुद्ध मराठीत, सुवाच्य अक्षरात, दोन पाने लिहून ठेवली होती, आणि मी पान उलटले नाही.